फेरफाराच्या वहीस नकाशा समजू नये

मेळघाटात हिंडावयास येणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात, आणि अलीकडे अमरावती-अकोल्याकडील चर्चांतही, एक तक्रार वरचेवर कानी येऊ लागली आहे. आणि ती मांडणाऱ्यांचा आवेश पाहता तिचा समाचार शांतपणे, पण सविस्तर घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. तक्रार अशी : परतवाड्याहून घाट चढून मनुष्य सेमाडोहास येतो, सिपनेच्या काठी पर्यटन संकुलात उतरतो, सकाळची जंगलफेरी चुकू नये म्हणून मोबाइलचे घड्याळ तपासू लागतो, आणि त्या यंत्राच्या पोटात आपल्या मुलखाची वेळ कोणत्या नावाने नोंदली आहे हे सहज पाहावयास जातो, तो तेथे ना महाराष्ट्राचे नाव, ना मुंबईचे, ना भारतीय प्रमाणवेळेचे; तेथे लिहिलेले असते ‘आशिया/कोलकाता’. कित्येक ठिकाणी तर ‘आशिया/कलकत्ता’ हे इंग्रजी अमदानीतले रूपही अजून भेटते.

एवढ्या आधारावर आक्षेपकांनी जी फिर्याद गुदरली आहे तिची कलमे तीन आहेत. पहिले कलम असे की, हे नाव म्हणजे इंग्रजांच्या जुन्या राजधानीची शिल्लक असून, देशाच्या पूर्वटोकाच्या एका शहराची वेळ साऱ्या देशावर, आणि विशेषतः आम्हां पश्चिमेकडील लोकांवर, संगणकाच्या आडून लादली गेली आहे. तेव्हा ते काढून तेथे मुंबईचे, निदान राष्ट्राचे, नाव घालावे. दुसरे कलम असे की, या देशास वेळ एकच आहे आणि तिचे ग्रीनिचपासूनचे अंतर साडेपाच तास एवढ्या एका आकड्यात मावते. मग जगभरच्या शहरांची ही अवाढव्य जंत्री हवी कशाला? आणि तिसरे कलम, जे सर्वांत मोठ्या आवाजात मांडले जाते, ते असे की, ही जंत्री सांभाळणारे लोक परदेशातले खाजगी गृहस्थ आहेत आणि त्यांच्या लेखणीचा अंमल आमच्या वेळेवर चालावा हे सार्वभौम राष्ट्रास शोभत नाही.

या तिन्ही कलमांच्या मुळाशी एकच भ्रम आहे. व्यवहारात आपण ज्याला टाइम झोन म्हणतो आणि संगणक ज्याला टाइम झोन म्हणतो, त्या दोन्ही वस्तू एकच आहेत असे गृहीत धरून ही फिर्याद रचलेली आहे. त्या एक नाहीत. आणि हा भेद एकदा नीट ध्यानात आला की पहिली तीन कलमे आपोआप निकाली निघतात, इतकेच नव्हे तर आक्षेपकांच्या दृष्टीतून पूर्णपणे निसटलेले एक चौथे, खरेखुरे गाऱ्हाणे उघडे पडते.

प्रथम व्यवहारातला टाइम झोन घेऊ. तो म्हणजे राजसत्तेने आज अमलात ठेवलेला एक ठराव होय : अमुक सरहद्दीच्या आत राहणाऱ्या सर्वांनी आपली घड्याळे एकसारखी लावावी. आपल्या देशात हा ठराव १ जानेवारी १९०६ पासून चालू आहे आणि त्यासाठी आधार धरलेले रेखावृत्त साडेब्याऐंशी अंश पूर्वेचे, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणारे आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. त्या हिशेबाने सेमाडोह, जे सुमारे ७७.३ अंशांवर वसलेले आहे, तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या घड्याळामागे सरासरीने एकवीस मिनिटे रेंगाळतो. सूर्याची वार्षिक गती एकसारखी नसल्यामुळे त्यात आणखी भर वा तूट पडते : फेब्रुवारीच्या मध्यास तेथे खरा मध्यान्ह घड्याळात १२ वाजून सुमारे ३५ मिनिटांनी होतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी तोच बाराला पाचेक मिनिटे उलटल्यावर होऊन जातो. म्हणजे घड्याळातले बारा आणि डोईवरचे बारा यांची गाठ सेमाडोहास वर्षाच्या कोणत्याही दिवशी पडत नाही. आणि तसे असूनही कोणाचे काही अडत नाही, कारण प्रमाणवेळेचा हेतू सूर्याशी इमान राखण्याचा नसून, माणसामाणसांतील व्यवहार सुकर करण्याचा आहे.

येथेच पहिल्या कलमातील एक ढळढळीत चूक दाखवून ठेवणे इष्ट. आपल्यावर कोलकात्याची वेळ लादली गेली, हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. कोलकात्याची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या पुढे सुमारे चोवीस मिनिटे आणि सेमाडोहच्या सूर्यवेळेच्या पुढे तब्बल चव्वेचाळीस मिनिटे आहे. ती जर आम्हांवर लादली असती तर फेब्रुवारीत मेळघाटातला मध्यान्ह घड्याळी एक वाजण्याच्याच सुमारास झाला असता. उलट कोलकात्याने प्रमाणवेळ खुशीने पत्करली असेही नाही. त्या शहराने आपली निराळी वेळ १९४८ पर्यंत राखली. तेव्हा मानापमानाचाच प्रश्न असेल तर वऱ्हाडाने भांडावयाचे ते मिर्झापूरशी. आणि त्या भांडणात आमची बाजू दुबळी नाही, कारण सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीया’त लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थानांची जी मालिका दिली आहे तीत अवंतीच्या जोडीस ‘वात्स्यगुल्म’ हे समृद्ध नगर येते, आणि वात्स्यगुल्म म्हणजे आमचे वाशीम. आधुनिक मोजणीने उज्जयिनी आणि वाशीम एका रेषेवर येत नाहीत, हे खरे. परंतु वाशीमच्या रेषेपासून सेमाडोहचे अंतर वेळेत मोजले तर एक मिनिटाचेही भरत नाही. रेषेचा अभिमान मिरवावयाचा तर एवढे भांडवल पुष्कळ झाले. पण त्या अभिमानाचा आणि मोबाइलमध्ये दिसणाऱ्या नावाचा काडीचाही संबंध नाही.

आता संगणकाकडे वळू. त्याच्या पोटात जो टाइम झोन असतो तो कोणत्याही नकाशावरचा पट्टा नव्हे. ती एक नोंद आहे, आणि तिचा विषय आहे अमुक एका ठिकाणी आजवर घड्याळे काय दाखवीत आली. ‘आशिया/कोलकाता’ या मथळ्याखाली जो मजकूर साठविला आहे तो साध्या मराठीत सांगावयाचा तर असा होतो. २८ जून १८५४ पर्यंत कोलकात्याची स्थानिक वेळ, ग्रीनिचच्या पुढे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. तेथून १८७० पर्यंत ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. ऑक्टोबर १९४१ पासून एक तास वाढवून साडेसहा. १५ मे १९४२ पासून पुन्हा साडेपाच. सप्टेंबर १९४२ पासून पुन्हा साडेसहा. आणि १५ ऑक्टोबर १९४५ पासून आजतागायत साडेपाच. जेमतेम आठ ओळी, आणि त्यांत दोन राजवटी, एक महायुद्ध आणि रेल्वेचा सारा उदयकाळ सामावलेला. आक्षेपक ज्याला देशाच्या छातीवर ठोकलेली पाटी समजतात, ती या आठ ओळींच्या वहीच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी आहे.

महसुली व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हा भेद एका दाखल्याने उमगेल. शेताचा सातबारा हाती घेतला की आजचा कब्जेदार कोण, क्षेत्र किती आणि पीक कोणते एवढे कळते. पण ते वावर या नावावर कसे चढले, खरेदीखत कोणत्या साली झाले, वाटणी कधी पडली, वारसाची नोंद कोणी घातली, हे पाहावयाचे तर तलाठ्याकडील गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडावी लागते. लोकांचा टाइम झोन हा सातबारा आहे; संगणकाचा टाइम झोन ही फेरफाराची वही आहे. आज दोन वावरे एकाच मालकाची असली म्हणून त्यांचे पूर्वीचे फेरफार एक होत नाहीत, आणि वावर विकून दोन पिढ्या लोटल्या तरी गाव त्याला ‘पाटलाचं वावर’ म्हणतो म्हणून पाटलाचा त्यावर हक्क शाबीत होत नाही.

याचा पडताळा आपल्या शेजारीच मिळतो. श्रीलंकेची वेळ आज आपल्याशी तंतोतंत जुळते. व्यवहाराच्या दृष्टीने कोलंबो आणि कोलकाता एकाच टाइम झोनमध्ये आहेत. तरी संगणकाच्या दफ्तरात ‘आशिया/कोलंबो’ हे खाते वेगळे आहे, कारण त्या देशाने मे १९९६ मध्ये आपली घड्याळे साडेसहा तासांवर नेली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती सहावर आणली, आणि एप्रिल २००६ मध्ये पुन्हा साडेपाचवर ठेवली. या दहा वर्षांतील कोलंबोच्या एखाद्या तारेची, बँकेच्या व्यवहाराची वा रुग्णालयातील जन्माची वेळ ज्याला आपल्या वेळेत बसवावयाची आहे, त्याला ‘दोघांचीही साडेपाच’ हे आजचे सत्य उपयोगाचे नाही. अमेरिकेतील इंडियाना नावाच्या एका संस्थानात तर शेजारशेजारच्या परगण्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या तारखांस आपली घड्याळे बदलली, की त्या एका संस्थानास या दफ्तरात कित्येक खाती द्यावी लागली. आजचा नकाशा पाहणाऱ्यास हा पसारा वेडगळ वाटेल. फेरफार पाहणाऱ्यास तो अटळ दिसेल.

मग नाव कोलकात्याचेच का? याचे उत्तर निरस आहे, आणि निरस असण्यातच त्याची निर्दोषता आहे. ज्या प्रदेशातील घड्याळे १९७० पासून एकमताने चालली आहेत त्या प्रदेशास एक खाते द्यावे आणि त्या खात्यास तेथील सर्वाधिक वस्तीच्या शहराचे नाव द्यावे, असा या दफ्तराचा शिरस्ता आहे. देशांची नावे मुद्दामच टाळलेली आहेत, कारण देशांच्या सरहद्दी व नावे राजकारणाने वारंवार हलतात, शहरे मात्र जागा सोडीत नाहीत. १९८१ च्या खानेसुमारीत कोलकाता आणि त्याच्या उपनगरांची वस्ती सुमारे ९२ लाख, तर बृहन्मुंबईची सुमारे ८२ लाख होती. मुंबई पुढे गेली ती त्यानंतर. आणि वस्तीचे पारडे पुढे फिरले तरी रुळलेले नाव बदलू नये, असाही नियम तेथे लेखी आहे. त्याच्या स्पष्टीकरणात इटलीचा दाखला देऊन असे म्हटले आहे की, मिलानची वस्ती रोमहून काहीशी वाढली म्हणून रोमचे नाव काढून मिलानचे घालण्याचे कारण नाही. ज्या नावावर जगातील कोट्यवधी यंत्रांचे व्यवहार लटकलेले आहेत ते नाव दर दहा वर्षांच्या खानेसुमारीनिशी बदलत राहिले, तर जुन्या नावाने साठविलेली प्रत्येक नोंद निराधार होईल. ‘कलकत्ता’चे ‘कोलकाता’ झाले तेव्हाही जुने रूप फेकून दिले नाही, ते नव्या खात्याकडे बोट दाखविणारे उपनाव म्हणून कायम ठेवले; आणि आक्षेपकांस इंग्रजी अमदानीची शिल्लक म्हणून जे खटकते, ते वस्तुतः जुन्या कागदांची सोय म्हणून राखलेले आहे. मुंबईचे नाव घातले असते तर अमरावतीच्या माणसास क्षणभर बरे वाटले असते, चेन्नईच्या माणसास तेवढेच वाईट. आणि घड्याळाचा एक सेकंदही इकडचा तिकडे झाला नसता.

दुसरे कलम वरवर अधिक व्यवहारी दिसते. साडेपाच तासांचा एक आकडा पुरेसा आहे, असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या घरातल्या जुन्या पत्रिकेची पेटी उघडावी. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशभरची घड्याळे एक तास पुढे होती. समजा, १९४३ च्या जूनमध्ये अचलपुरात एका मुलाचा जन्म सकाळी सात वाजता झाला, आणि वडिलांनी भिंतीवरचे घड्याळ पाहून ती वेळ टिपून ठेवली. आजचा मनुष्य ती वेळ प्रमाणवेळ समजून, साडेपाच वजा करून, पत्रिका मांडील तर तासाभराने चुकेल. लग्नरास साधारणतः दोन तासांत बदलते हे लक्षात घेतले म्हणजे अशी चूक कुंडलीचे सारे घरटेच हलवू शकते. अनुभवी ज्योतिषी ही दुरुस्ती पूर्वापार करीत आले आहेत. फलज्योतिषावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनीही हिशेब म्हणून हे मान्य करावे की, ज्या दिवशीची वेळ विचारली त्या दिवशीचे अंतर हवे, आजचे नको. आणि ते अंतर एका आकड्यात मावत नाही, त्याला वही लागते. ती वही ‘आशिया/कोलकाता’.

भूतकाळाचे सोडा, चालू काळातही हा आकडा एकटा पडला की लंगडतो. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरास आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरास आली. वऱ्हाडातून न्यू जर्सीस गेलेल्या मुलास आईने लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. भाऊबीजेच्या रात्री बहिणीने त्याच आठ वाजता फोन लावला तेव्हा तिकडे साडेनऊच होते, कारण त्याच रविवारी पहाटे अमेरिकेने उन्हाळी वेळ संपवून आपली घड्याळे तासभर मागे घेतली होती. एकाच दिवाळीत दोन अंतरे. ‘अमेरिका आपल्यामागे साडेनऊ तास’ हे पाठ करून ठेवलेले वाक्य दोन दिवसांत खोटे ठरले. न्यूयॉर्कची फेरफारवही बाळगणारा फोन मात्र चुकला नाही. ज्या देशाची स्वतःची वेळ पाऊणशे वर्षे स्थिर आहे त्या देशाच्या लोकांना ही वही अनावश्यक वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांची मुलेबाळे साऱ्या जगात पसरली आहेत त्यांना ती दर पंधरवड्यास लागते, एवढेच की ती त्यांच्या नकळत वापरली जाते.

आणि आपल्या देशाची स्थिरताही चिरकाल टिकेल असे कोणी बजावून सांगितलेले नाही. आसामच्या चहामळ्यांत ‘बागानटाइम’ नावाची, प्रमाणवेळेच्या तासभर पुढची वेळ कैक पिढ्या चालत आली आहे. २०१८ साली, जेथे आपली प्रमाणवेळ राखली जाते त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्येकडील राज्यांसाठी साडेसहा तासांची दुसरी वेळ असावी असा प्रस्ताव सविस्तर मांडला. शासनाने तो स्वीकारलेला नाही. पण समजा तो उद्या स्वीकारला गेला, तर गुवाहाटीचे खाते आपोआप वेगळे होईल, आणि पुढच्या वर्षीची सभा, विमान वा सुनावणी ज्यांनी ठिकाणाच्या नावानिशी नोंदली असेल त्यांची वेळ नव्या ठरावाप्रमाणे दुरुस्त करता येईल. ज्यांनी नुसता ‘अधिक साडेपाच’ हा आकडा लिहून ठेवला असेल त्यांची नोंद तासाभराने चुकून बसेल. म्हणजे वहीचा उपयोग मागे पाहण्यापुरता नाही. आकडा हा एका क्षणाचा उतारा असतो. ठिकाणाचे नाव हे त्या ठिकाणी पुढे होणाऱ्या फेरफारांसकट सर्व दफ्तराकडे नेते.

या मुद्द्याची एक मर्यादा आक्षेपकांच्या बाजूने आम्हीच सांगून टाकतो. मेळघाटात व्याघ्रगणनेसाठी झाडाच्या बुंध्याला जे ट्रॅप कॅमेरे बांधतात ते सहसा चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि तास-मिनिटे उमटवितात. ती वेळ कोणत्या मुलखाची, हे मात्र लिहीत नाहीत. पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी सिपनेच्या वाळूत उतरलेली वाघीण, त्या शिक्क्यास ग्रीनिचची वेळ समजणाऱ्या संगणकात सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी, भर उन्हात, फिरताना दिसेल. आणि तिच्या दिनक्रमावर लिहिलेला सारा निबंध फुकट जाईल. येथे शिक्क्याशेजारी साडेपाचाचा आकडा असता तरी भागले असते. शिवाय रानातल्या जनावराचा दिनक्रम अभ्यासावयाचा तर शास्त्रज्ञाला शेवटी प्रमाणवेळही पुरत नाही. त्याला सेमाडोहचा सूर्योदयच पाहावा लागतो. परंतु यावरून निष्पन्न काय होते? एवढेच, की वेळ तीन प्रकारची असते, सूर्याची, सरकारची आणि नोंदीची. आणि जो मनुष्य त्यांची सरमिसळ करतो तो चुकतो. आक्षेपकांची फिर्याद याच सरमिसळीतून उपजली आहे.

तिसऱ्या कलमाचा निकाल आता लवकर लावता येतो. या दफ्तराची सुरुवात अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात केली. पुढे ते सांभाळण्याचे काम लॉस एंजेलिस येथील पॉल एगर्ट यांच्याकडे आले, आणि २०११ पासून ते इंटरनेटचे क्रमांक व नावे सांभाळणाऱ्या ‘आयाना’ या संस्थेच्या छत्राखाली आहे. ते कोणासही विनामूल्य खुले आहे. पण या मंडळींनी आमची वेळ ठरविली असे म्हणणे म्हणजे तलाठ्याने शेत विकले असे म्हणण्यासारखे आहे. घड्याळ किती वाजता लावावे हा हुकूम सरकारचा. तो हुकूम कधी सुटला आणि लोकांनी प्रत्यक्षात घड्याळ कधी फिरविले, एवढे टिपणे हे नोंदवहीचे काम. किंबहुना हुकूम आणि आचरण यांत फारकत झाली तर ही वही आचरणाची बाजू घेते. मार्च २०२३ मध्ये लेबाननच्या सरकारने उन्हाळी वेळ ऐन वेळी पुढे ढकलली, मॅरोनाइट चर्चने आणि दूरचित्रवाणी संस्थांनी तो निर्णय मानला नाही, आणि काही दिवस त्या लहानशा देशात दोन वेळा चालल्या. सरकारने अखेर माघार घेतली आणि दफ्तरात मूळची, २६ मार्चचीच नोंद पुन्हा कायम झाली. अशी वही सार्वभौमत्वावर आक्रमण करीत नाही. ती सार्वभौमत्वाचा रोजनामा लिहिते.

हे दफ्तर कोणाच्या कल्पनेवरही चाललेले नाही, याचे एक गमतीदार प्रत्यंतर असे. २०११ च्या सप्टेंबरअखेरीस त्याच्या चालकांवर अमेरिकेत फिर्याद झाली, ती कोणा सरकारने वा तारायंत्र कंपनीने केली नव्हती. ‘अ‍ॅस्ट्रोलेब’ नावाच्या, ज्योतिषाची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या एका संस्थेने केली होती. जुन्या काळात कोठे किती वाजत होते याची ज्यांना निकडीची गरज असे, असे लोक संगणकापूर्वी मुख्यतः ज्योतिषीच होते, आणि त्यांच्या जंत्रीतून घेतलेल्या माहितीवर त्या संस्थेने हक्क सांगितला. फेब्रुवारी २०१२ मध्ये फिर्याद मागे घेतली गेली. भूतकाळातील घड्याळे काय दाखवीत होती ही वस्तुस्थिती कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे त्यानिमित्ताने साऱ्यांस कळून चुकले.

इतके झाल्यावर आक्षेपकांचे सर्वच म्हणणे आम्ही खोडून काढले असा ग्रह होऊ नये; कारण त्यांनी ज्या दारावर धडका दिल्या ते दार चुकीचे असले तरी घरात दोष आहेच. वर सांगितलेला नियम पुन्हा पाहा : १९७० पासून ज्यांची घड्याळे जुळली त्यांचे खाते एक. १९७० हे वर्ष निवडण्याचे कारण असे की, युनिक्स या संगणकप्रणालीची कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. यंत्राच्या सोयीने घेतलेल्या या मर्यादेचा परिणाम आपल्या देशापुरता भारी झाला आहे. मुंबईची स्वतंत्र वेळ, जी प्रमाणवेळेच्या मागे एकोणचाळीस मिनिटे होती, ती शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. १८८१ साली तिच्या जागी मद्रासची वेळ आणण्याचा सरकारी प्रयत्न झाला तेव्हा शहराने तो हाणून पाडला. १९०६ च्या जानेवारीत नव्या प्रमाणवेळेविरुद्ध गिरण्यांतील हजारो कामगारांनी दंगा केला. त्यानंतर पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. या झगड्याची एकही ओळ ‘आशिया/कोलकाता’ या खात्याच्या आकड्यांत नाही. १९३० साली गिरगावात जन्मलेल्या माणसाची वेळ मुंबईवेळेने टिपलेली असेल आणि ती या खात्यानुसार संगणकाने वाचली, तर उत्तर एकोणचाळीस मिनिटांनी चुकीचे येईल, आणि ते चुकीचे आहे असा इशाराही मिळणार नाही.

वऱ्हाडाची गत याहून वेगळी, पण तितकीच मुकी. हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. मुंबई इलाख्याच्या वेळेशी त्याचा संबंध नव्हता. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि पुढे त्यावरच्या गाड्या रेल्वेच्या म्हणजे मद्रासच्या वेळेने धावू लागल्या, तेव्हा बडनेऱ्याच्या स्थानकावरील घड्याळ अमरावतीच्या सूर्यापुढे सुमारे दहा मिनिटे असे. गावातील कचेरी, शाळा आणि बाजार यांनी रेल्वेची वेळ केव्हा उचलली, अचलपूरने केव्हा, धारणीने केव्हा, हे त्या आठ ओळींतून कळत नाही, आणि कळणारही नाही. कारण त्या ओळी कोलकात्याच्या आहेत. म्हणजे ‘कोलकाता’ हे नाव उपहासाने नव्हे, तर नियमानेच त्या शहरापुरते आहे, ही खरी अडचण. १९७० पूर्वीचा तो इतिहास कोलकात्यापुरता, आणि तोही त्या शहराची १९४८ पर्यंतची निराळी वेळ वगळून, लिहिला आहे आणि आपण तो साऱ्या देशाचा म्हणून वाचतो.

तेव्हा मागणी करावयाची तर ही करावी. नगरपालिकांचे जुने ठराव, जिल्ह्यांची गॅझेटियरे, रेल्वेची वेळापत्रके आणि जन्ममृत्यूच्या नोंदवह्या चाळून, कोणत्या गावी कोणत्या तारखेपासून कोणते घड्याळ मानले जात होते, हे पुराव्यानिशी प्रसिद्ध करण्याचे काम महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी आणि पुराभिलेखागाराने अंगावर घ्यावे. असे पुरावे जे कोणी गोळा करतील त्यांच्यासाठी दफ्तराचे दार बंद नाही. आणि आज जे नवी नोंद लिहीत आहेत, मग ते जन्माच्या दाखल्याचे कारकून असोत, रानातल्या कॅमेऱ्याची स्मृतिपट्टिका गोळा करणारे वनरक्षक असोत, की परदेशी मुलाच्या फोनची वेळ वहीत लिहून ठेवणारी आई असो, त्यांनी वेळेशेजारी ठिकाण लिहिण्याची सवय लावावी. मुंबईच्या त्या एकोणचाळीस मिनिटांचा आणि बडनेऱ्याच्या त्या दहा मिनिटांचा हिशेब मागणे न्याय्य आहे. पुठ्ठ्यावरची चिठ्ठी बदलून मात्र त्यांपैकी एकही मिनिट जमेस धरले जाणार नाही.